एक ना धड

‘सध्या मी दोन क्लास एकदम करतोय,’ असं परवा मी शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, ‘या वयात? कसले?’ मी म्हटलं, ‘एक लढवय्याचा आणि एक जादूगाराचा.’ तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

खुलासा करतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेका पात्राचं सोंग घ्यायचं, आणि पात्राला जे करायचंय ते जमलं की फसलं याचा निवाडा फाशांवर सोडायचा. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी धर्मगुरू, कुणी चोर. कामगिऱ्या पार पाडत गेलं, की लेव्हल चढते. ती विसापर्यंत जाते. आता नवी लेव्हल मिळाली, की ती जुन्याच क्लासात घ्यायची का दुसऱ्या क्लासाची पहिलीत जाऊन बसायचं, हे खेळणारानं ठरवायचं. दुसरीकडे जाऊन बसणं म्हणजे मल्टिक्लास. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसते ना, तसं इथं एकाच डोक्यात दोन इयत्ता बसतात. आणि आमच्या रविवारच्या बैठकीत सध्या भांडण पेटलंय ते यावरूनच.

बैठक माझ्या भाच्याकडे असते. तो सूत्रधार. त्याच्या मित्रमंडळींपैकी एक इंजिनिअर आणि एक डॉक्टरीणबाई या दोघांशी माझा वाद आहे. बाकीचे वाद चालू असताना चिवडा संपवतात. सगळ्यांच्या पात्रांची नावं अशी आहेत, की उच्चारताना कवळी हलावी. माझ्या पात्राचं नाव धोंडोपंत.

धोंडोपंत तिसऱ्या लेव्हलपर्यंत साधा सरळ लढवय्या होता. आमच्याबरोबर एक म्हातारा जादूगार होता, भाच्यानं गोष्टीत घातलेला. तो एका गुहेत आम्हाला वाट काढून देताना मेला. त्याची मंत्रांची वही धोंडोपंताच्या पिशवीत राहिली. आता मेलेल्या माणसाची वही न वाचता नुसती पाठीवर वाहत फिरायचं, हे काही माझ्या मनाला पटेना. मी जाहीर केलं, ‘धोंडोपंत जादू शिकणार.’ दोन्ही क्लासांना लागतो तो गुण किमान तेरा हवा, असा नियम आहे. धोंडोपंताची बुद्धी बरोबर तेरा. म्हणजे काठावर पास. माझ्या एकूण शैक्षणिक परंपरेला धरूनच.

आज धोंडोपंत तीन लेव्हल लढवय्या आणि तीन लेव्हल जादूगार आहे. एकूण सहा. बाकीचेही सहावरच आहेत. पण जमाखर्च बघा. लढवय्याला पाचव्या लेव्हलला एका वारीत दोनदा तलवार मारता येते. धोंडोपंत एकदाच मारतो. जादूगाराला पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा फेकता येतो, त्याचे एकदम आठ फासे, धोंडोपंताकडे काडेपेटी. चौथ्या लेव्हलला अंगचे गुण वाढवायची संधी मिळते. धोंडोपंत दोन्हीकडे तिसरीतच, त्यामुळे तीही हुकली. एकूण लेव्हलवर मोजतात तो अंगच्या सरावाचा आकडा. म्हणजे नोकरी धरली तर सलग, पण बढती दोन्ही खात्यांत अडकलेली.

दोन रविवारांमागे एका राक्षसापुढे आम्हाला पळ काढावा लागला. पळण्याचं कारण सर्वानुमते धोंडोपंत. इंजिनिअर म्हणाला, ‘काका, तुम्ही पात्र नव्यानं बांधा. सहाही लेव्हली एकीकडे टाका.’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘मी पहिल्यापासून सांगतेय काका, एक ना धड, भाराभर चिंध्या.’ इथं माझं डोकं फिरलं, आणि हा लेख सुरू झाला.

आधी डॉक्टरीणबाई. त्यांचा पक्ष शुद्ध क्लासाचा. त्यांचा लढवय्या सहाच्या सहा लेव्हली लढवय्याच. त्यांचं म्हणणं, २०१४च्या पुस्तकात मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम होता, तेव्हा आपण तो पाळायचाच नाही. मूळ खेळात अशी भेसळ नव्हती. बाई, क्षमा करा, पण मूळ खेळात ती होती! १९७४च्या पुस्तकात क्लास होते तीन आणि त्यातही एल्फ नावाच्या जमातीला लढवय्या आणि जादूगार अशी दोन्ही दारं उघडी होती. अट एवढीच, की या मोहिमेत तू कोण ते आधी सांग. मोहिमेच्या मध्यात बदलायचं नाही. म्हणजे भेसळ खेळाइतकीच जुनी. सोवळं मागाहून आलं.

आणि मुळात माणूस एका क्लासाचा असतो हे सांगितलं कुणी? मी एकतीस वर्षं बँकेत लेजर लिहिलं आणि संध्याकाळी असले लेख लिहिले. बँकेत म्हणायचे, ‘लेखक आहे, चूक निघणारच.’ लेखकांत म्हणायचे, ‘बँकेत आहे, निघणार काय?’ दोन्ही ठिकाणी मी तिसरी लेव्हल. पण मला कुणी ‘एकतीस वर्षं एकीकडे टाका’ असं सांगितलं असतं, तर कुठली टाकायची?

आता इंजिनिअर. याला मल्टिक्लास मान्य आहे. इतका मान्य, की त्याचं पात्रही दोन क्लासांचं आहे: एक लेव्हल लढवय्या, पाच जादूगार. ती एक लेव्हल मुद्दाम पहिलीच घेतलेली. का? तर सुरुवात लढवय्यानं केली की लोखंडी कड्यांचं जड चिलखत घालता येतं, ढाल मिळते, आणि मार बसला तरी चालू मंत्र टिकवायला मदत होते. पुढच्या पाच लेव्हलींत आगीचा गोळा आलाच. तोटा एकच, मंत्र एक लेव्हल उशिरा. याला हे लोक ‘डिप’ म्हणतात. बिस्किट चहात बुडवल्यासारखं पात्र दुसऱ्या क्लासात बुडवून लगेच काढायचं.

मी त्याला विचारलं, ‘तुझा जादूगार सैन्यात केव्हा होता?’

तो म्हणाला, ‘होता की. ते लिहायचं राहिलंय.’

माझं भांडण नेमकं या ‘राहिलंय’शी आहे. चिलखत आलं, पण ते चढवायला शिकवणारा हवालदार आला नाही. पहाटेची कवायत आली नाही, सैन्य सोडताना काही तुटलं असेल तर तेही आलं नाही. दुसरा क्लास म्हणजे माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडल्याची खूण. घडलं काहीच नाही आणि खूण तेवढी उमटली, तर त्याला मी गोंदण म्हणेन, जखम नाही म्हणणार.

या बाबतीत मला १९७८ सालचा नियम फार आवडतो. हल्लीची मुलं त्याला हसतात. तेव्हा एल्फ वगैरे मंडळींना दोन क्लास एकदम चालवता येत, कमावलेला अनुभव दोन्हीकडे वाटून. माणसाला ती सोय नव्हती. माणसानं जुना क्लास सोडून नवा धरायचा. जुन्याला लागणारा गुण किमान पंधरा हवा, नव्याला सतरा. आणि खरी मेख पुढंच: नव्या क्लासाची लेव्हल जुन्याच्या वर जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरलीत, तर त्या मोहिमेचा अनुभव बुडाला. २००० साली हे सगळं मोडीत काढून कुणालाही कुठलीही लेव्हल खुली केली. क्लासांत फार अंतर पडलं तर अनुभवात वीस टक्के कपात ठेवली. २००८ला तीही गेली.

हा १९७८चा नियम मी अंगावर घेतलाय, म्हणून सांगतो. या बैठकीत मी नवा होतो तेव्हा मंडळींनी ओळखलं, की हा बँकेतला. लुटीतल्या सोन्याच्या नाण्यांचा हिशोब माझ्याकडे आला. मी वही घातली, रकाने आखले, तेरीज बरोबर जुळवली. सगळे खूष. चार रविवार गेले आणि माझ्या लक्षात आलं, की मी एकदाही फासा हातात घेतला नव्हता. जुनी विद्या वापरली, त्या मोहिमांचा अनुभव बुडाला! पन्नास वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये बसून त्या माणसानं हे कसं ओळखलं असेल?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. दोन क्लास जरूर घ्या, पण काही घडलं म्हणून घ्या आणि त्याची किंमत मोजा. बाई म्हणतात घेऊच नका. इंजिनिअर म्हणतो स्वस्तात घ्या. एकाला माणूस बदललेला चालत नाही, दुसऱ्याला फुकटात बदललेला हवा असतो.

हे सगळं मी गेल्या रविवारी उभं राहून ऐकवलं. भाचा म्हणाला, ‘मामा, तुझं बरोबर आहे, पण राक्षसानं मारलं यांना. तुझ्या हौशीची किंमत यांनी का मोजायची?’

मी खाली बसलो. चार लेख लिहिले असते तरी याला उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. धोंडोपंत वही वाचत बसणार आणि घाव दुसऱ्यानं झेलायचे, याला किंमत मोजणं म्हणत नाहीत, उधारी म्हणतात. बँकेतला माणूस एवढं तरी जाणतो.

शेवटी मीच तोड काढली. धोंडोपंत बदलणार नाही. मात्र यापुढं लुटीतला त्याचा वाटा सगळ्यांच्या औषधाला. जखमा भरणाऱ्या औषधाची कुपी पन्नास सोन्याच्या नाण्यांना मिळते. इंजिनिअरनं मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, ‘मग परवडतं, काका.’ डॉक्टरीणबाईंनी औषध म्हटल्यावर हरकत घेणं शक्यच नव्हतं. फक्त म्हणाल्या, ‘पण कुप्यांचा हिशोब तुम्हीच ठेवायचा हं.’

मी ताडकन ‘नाही’ म्हटलं. त्या मोहिमेचा अनुभव बुडतो.