कागदावरचे लढवय्ये

दिवाळी अंकाचा विशेष विभाग ठरतो तो ऐन उन्हाळ्यात. यंदा 'विस्मृतीतले पराक्रमी' असा विषय ठरवून आम्ही लेखकांना पत्रं धाडली. उत्तरादाखल जे आलं त्यात तानाजी होते, बाजीप्रभू होते, हंबीरराव होते. आणि फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट येऊन गेल्यामुळे संभाजीराजे तर ढिगाने होते. आमचे लेखक वाचणारे आहेत, आळशी नाहीत. तरीही विस्मृतीत गेलेलं माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर गेल्या पाच-सात वर्षांतलं एखादं पोस्टर उभं राहतं. तेव्हापासून डोक्यात भुणभुणत राहिलंय ते हेच.

तानाजी मालुसऱ्यांना विसरलंय कोण? तुळशीदास शाहिराने त्यांचा पोवाडा रचला, ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली तो आपल्या संग्रहात छापला. मग हरिभाऊ आपट्यांची कादंबरी आली, तिच्यावरून बाबूराव पेंटरांचा 1923 चा 'सिंहगड' हा मूकपट आला, आणि चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने पिढ्यान्‌पिढ्यांना कोंढाणा पाठ करवला. 2020 साली हिंदी पडद्याने त्यांना 'अनसंग वॉरियर' म्हणून पेश केलं. दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकाला ते नवे होते, मान्य. पण आपणही डोळे पुसत बाहेर पडलो आणि म्हणालो, बघा, सिनेमा आला म्हणून कळलं!

'छावा'चं तेच. संभाजीराजांवरचा बदफैलीपणाचा शिक्का कुठल्या कॅमेऱ्याने पुसलेला नाही. बखरींनी आणि नाटकांनी मारलेला तो शिक्का खरवडून काढायला वा. सी. बेंद्रे नावाचा माणूस उभं आयुष्य कागदांत बुडाला, त्यासाठी लंडनच्या दप्तरांपर्यंत गेला. 1960 साली त्यांनी लिहिलेलं संभाजीराजांचं चरित्र आलं, पुढे कमल गोखल्यांचा ग्रंथ आला, आणि मग 1979 मध्ये शिवाजी सावंतांची कादंबरी, जिच्यावर हा चित्रपट बेतला आहे. कादंबरीचं नाव निदान श्रेयनामावलीत तरी येतं. बेंद्र्यांचं नाव चित्रपटगृहातून गारद देत बाहेर पडणाऱ्या किती पोरांनी ऐकलं असेल?

हा चित्रपट पाहून लोकांनी काय केलं, त्याचा एक नमुना आम्ही कापून ठेवला आहे. पडद्यावर बुऱ्हाणपूरची लूट दिसली, आणि मार्चमध्ये त्याच बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याला माणसं रात्री शेतात उतरली. कुदळी, चाळण्या, मोबाइलचे दिवे, कुणाकडे धातुशोधक यंत्रसुद्धा. मोगलांचं सोनं सापडणार म्हणून शेतकऱ्याच्या रानात खड्डेच खड्डे. त्याच महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल पेटली. औरंगजेब कसा मेला, कुठे मेला, मरताना दक्षिण त्याच्या हाती लागली होती का, हे विचारायला मात्र कुणी ग्रंथालयाची पायरी चढल्याचं आमच्या कानावर नाही.

वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे, तो थोडक्यात उरकतो. बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आनंद आहे. आता त्यांवरची तटबंदी ढासळू नये. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आला आणि मागेही गेला. मराठवाड्यात पावसाने शेतातली मातीच खरवडून नेली, तिथल्या आमच्या वर्गणीदारांना शुभेच्छा देतानाही जीभ अडखळते. आणि रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून घेऊन सरकारने वाजतगाजत घरी आणली.

त्याच लंडनमध्ये साताऱ्याचा एक माणूस तलवारीशिवाय तेराचौदा वर्षं झुंजला. रंगो बापूजी गुप्ते. 1839 मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला धाडलं. हा वकील त्यांची बाजू मांडायला सातासमुद्रापार गेला. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभा राहिला, अर्ज केले, पत्रकं छापून वाटली, पार्लमेंटातल्या सभासदांना गाठलं. 1847 साली महाराज काशीतच वारले. पुढच्या वर्षी दत्तक नामंजूर करून राज्यही खालसा झालं. ज्यांच्यासाठी भांडायचं ते राहिले नाहीत, जे मागायचं ते राज्यही राहिलं नाही. तरी गडी 1853 पर्यंत तिथे तळ ठोकून होता. परतल्यावर सत्तावनच्या धामधुमीत साताऱ्यात कट उभा केला, तो फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडा माळावर सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले, ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. प्रबोधनकर ठाकऱ्यांनी 1948 साली त्यांच्यावर आणि प्रतापसिंहांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ वाचलेला माणूस आम्हाला साताऱ्यातही शोधावा लागला. सापडला, आणि त्याचाच लेख विशेष विभागात पहिला आहे. दिवाळीचा आणि या सगळ्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. फराळासोबत वाचायला वेळ मिळतो, एवढाच.

ऐतिहासिक चित्रपट काढूच नयेत असं आमचं म्हणणं नाही. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांवर वाढलेल्या माणसाला ते शोभणारही नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कोट्यवधी कागद पडून आहेत, ते वाचणारे मोजके. ते काम आपण आता तिकीटबारीवर सोपवून मोकळे झालो आहोत. आणि तिकीटबारी माणूस निवडते तो किती शौर्याने मेला हे बघून.

अंक छपाईला जाण्याआधी एका निर्माता-मित्राला रंगो बापूजींची गोष्ट ऐकवली. लंडनच्या अर्जविनंत्या चालू असेपर्यंत तो मोबाइल चाळत होता. "यात लढाई कुठे आहे?" त्याने विचारलं. मी गेंडा माळावर आलो, तोफांचं सांगितलं. तो सावरून बसला. म्हणाला, "पिक्चर इथूनच सुरू करायचा. लंडन एका गाण्यात उरकून टाकू."