घाट एक, राज्यं दोन, जबाबदारी कुणाची?

बुधवारा, बऱ्हाणपूर | स्थानिक प्रतिनिधी

होळी तोंडावर आली की बुधवाऱ्यातल्या चहाच्या टपरीवर एकच विषय असतो, गाडी मिळेल का आणि मिळाली तर पोचवेल का. मेळघाटचे कोरकू मजूर होळीला गावी निघतात. त्यांच्यासाठी होळी म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. धारणी, हरिसाल, सेमाडोह, पुढे परतवाडा. बस भरली की जीप, जीप भरली की पिकअप. पिकअपमध्ये माल कमी आणि माणसं जास्त. दर वर्षीचं चित्र आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटेनासं झालंय.

बऱ्हाणपुरातून बाहेर पडायला सपाट म्हणावा असा मोठा रस्ता म्हणजे रावेरचा. बाकी बहुतेक दिशांना घाट आडवा येतो. खंडव्याला निघालात तर असीरगड. जळगाव जामोदकडे निघालात तर करोली घाट. देडतलाईहून धारणीमार्गे अमरावतीला निघालात तर मेळघाटची वळणं. इंदूर गाठायचं तर असीरगडानंतर पुढे सिमरोलजवळ भेरूघाट आहेच. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो, तेव्हा घाट टळणार नाहीत. मरणं मात्र टाळता येतात.

गेल्या काही वर्षांचा हिशेब

जून २०२२ : इंदूरहून खंडव्याकडे निघालेली खाजगी बस भेरूघाटात दरीत गेली. किमान पाच जण गेले, जखमींची संख्या मोठी.

४ जुलै २०२३ : मुंबई-आग्रा महामार्गावर मध्य प्रदेशातून शिरपूरकडे उतरणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. पळासनेरजवळ त्यानं आधी पुढच्या गाड्यांना उडवलं, मग बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. दहाहून अधिक माणसं गेली. त्यातले काही जण तर कुठल्याच गाडीत नव्हते, थांब्यावर उभे होते.

मार्च २०२४ : होळीच्या सुमारासच अमरावतीहून खंडव्याकडे निघालेली बस मेळघाटात खोल कोसळली.

२३ सप्टेंबर २०२४ : सोमवारची सकाळ. अमरावतीहून धारणीकडे येणारी खाजगी बस सेमाडोहजवळ पुलावरून खाली गेली. आठवड्याची सुट्टी घरी काढून कामावर परतणारी माणसं त्यात होती.

प्रत्येक अपघातानंतर बातमी एकाच साच्यातून येते, "चालकाचं नियंत्रण सुटलं." मीही अशा बातम्या लिहिल्या आहेत. पण नियंत्रण का सुटलं, हे दुसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही, मीही लिहिलं नाही. या लेखात ते लिहायचं आहे.

ब्रेक "फेल" होतो म्हणजे काय होतं?

मी कॉमर्सचा माणूस, इंजिनिअर नाही. पण हिशेब मांडला की गोष्ट कळते. माल भरलेली २० टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा तिच्यातली ताकद कुठं तरी जिरावी लागते. ती होते सुमारे १६ युनिट विजेइतकी. दीड किलोवॅटचा गिझर जवळपास अकरा तास चालवला तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी. ही सगळी उष्णता पंधरा-वीस मिनिटांत ब्रेकच्या लायनरवर टाकली तर लायनर तापतात आणि पकड सोडतात. ड्रायव्हर पेडल दाबतो, पण गाडी थांबत नाही.

उपाय जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग अर्धी ताकद इंजिनच अडवून धरतं आणि ब्रेक राखीव राहतो.

आता उलटं बघा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे अजूनही आहेत, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर बंद. ब्रेकला लागणारी हवा भरायची थांबते, स्टिअरिंग जड होतं. आणि वाचतं किती? लिटरमागे चार किलोमीटर देणारी गाडी आठ किलोमीटरच्या उतारावर फार तर दोन लिटर वाचवेल, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. नव्या गाड्यांत तेवढंही नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की इंजिन आपणहून डिझेल तोडतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जास्तच खातं. दोनशे रुपयांसाठी गाडी, माल आणि माणूस पणाला लावायचा, हा धंदा कुठल्याच वहीत बसत नाही.

पण ड्रायव्हरला एकट्याला दोष देऊ नका

आपल्या भागातून केळी उत्तरेला जातात. केळीच्या गाडीला घड्याळ बांधलेलं असतं. माल मंडीत उशिरा पोचला तर भाव गेला, फळ पिकलं तर दोष गाडीवाल्याचा. भाडं ठरलेलं, त्यामुळे दोन टन जास्त भरले तर ते दोन टन मालकाचा नफा. ब्रेक लायनर बदलणं हा खर्च, तो पुढच्या फेरीवर ढकलला जातो. ड्रायव्हरची झोप तर कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही. म्हणजे धोका सगळा घाटात उतरणाऱ्याचा आणि फायदा सगळा घाटात नसणाऱ्याचा. हा हिशेब बदलल्याशिवाय "सावकाश चला"च्या पाट्या फक्त रंगत राहतील.

प्रवासी बसचंही तसंच. मध्य प्रदेशचं सरकारी बस महामंडळ २००५ पासून गुंडाळलं गेलं, तेव्हापासून आपल्याकडचा प्रवासी खाजगी गाड्यांच्या हवाली आहे. पलीकडे महाराष्ट्रात एसटी आहे, पण घाटातल्या गावांना दिवसातून किती वेळा, हे तिथल्या माणसालाच विचारा. खाजगी बसला मागच्या बसच्या आधी पुढच्या थांब्यावर पोचायचं असतं, कारण तिथली सवारी तिची कमाई असते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः धारणीकडून येताना अशाच एका गाडीत होतो. वळणावर ड्रायव्हर एका हातानं फोनवर पुढच्या थांब्यावर किती सवारी आहेत ते विचारत होता. पुढच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आधी आम्हाले उतरव, मग बोल." गाडीत सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज आजही वाटते, कारण बोलायला हवं होतं आम्ही, बोलली ती एकटी.

मध्य प्रदेश सरकारनं २०२५ मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली. चांगलं पाऊल आहे. पण पहिली गाडी कुठल्या मार्गावर धावते, यावर तिचं मोल ठरेल. इंदूर-भोपाळला बसची कमी नाही. कमी आहे ती देडतलाई-धारणीसारख्या रस्त्यांवर.

रेल्वे गेली आणि सगळा भार रस्त्यावर आला

या गोष्टीचा आणखी एक धागा आहे, तो आपण विसरत चाललोय. खंडवा-अकोला मीटर गेज. आपल्या जिल्ह्यातल्या तुकईथडहून ही गाडी मेळघाटात शिरायची, धुळघाटला डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून पार व्हायची आणि अकोटला उतरायची. हळू होती, पण दरीत पडत नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉड गेजसाठी ती बंद झाली. पुढे व्याघ्र प्रकल्पातून मार्ग न्यायचा की बाहेरून, या वादात मधला टप्पा अडकला.

वाघाचं जंगल राखलं पाहिजे, यात दुमत नाही. बाहेरून मार्ग न्यावा, हा आग्रहही रास्त आहे. पण निर्णय होईपर्यंतच्या वर्षांत तो प्रवासी कुठं गेला? तो जीपमध्ये गेला, पिकअपच्या हौद्यात गेला, खाजगी बसच्या टपावर गेला. रेल्वेच्या फाइलवर प्रकल्प "प्रलंबित" आहे. रस्त्यावर मात्र त्या प्रलंबित असण्याची किंमत रोज भरली जातेय.

रस्ता बदलला की काय होतं?

घाट म्हणजे नशीब, असं म्हणणाऱ्यांनी धार जिल्ह्यातला गणपती घाट बघावा. राऊ-खलघाट मार्गावरचा हा उतार चौपदरी झाल्यापासून बदनाम होता. ब्रेक गेलेले ट्रक दुभाजक ओलांडून समोरच्या गाड्यांवर जायचे, आगी लागायच्या. अनेक वर्षं फलक लावले, गतिरोधक केले, नुसता चालकाला दोष दिला. शेवटी मान्य करावं लागलं की उतारच चुकीचा आहे. मग सुमारे ९ किलोमीटरचा नवा, कमी उताराचा रस्ता बांधला आणि २०२४ च्या अखेरीस तो सुरू झाला.

डोंगराळ भागात रस्त्याचा चढ साधारणपणे १०० मीटरला ५ मीटर असावा, नाइलाजानं ६ किंवा ७, असा भारतीय रस्ते मानकांचा दंडक आहे. भेरूघाट टाळण्यासाठी इंदूर-इच्छापूर मार्गावर बोगद्यांचं काम हाती घेतलं, तेही याच विचारानं. म्हणजे पैसा आणि इच्छा असली की घाट सुधारतो. महामार्गाला ती मिळते, कारण तिथून ट्रक जातात. करोली आणि सेमाडोहला मिळत नाही, कारण तिथून माणसं जातात.

सगळीकडे बोगदा नको. वळणावर मजबूत लोखंडी कठडा, ब्रेक गेलेली गाडी शिरवायला रेती भरलेली चढती बाजूवाट, घाटमाथ्यावर पाच मिनिटं थांबून ब्रेक तपासायची जागा आणि रात्री चमकणाऱ्या खुणा. मेळघाटात झाड न तोडता हे होऊ शकतं.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. मध्य प्रदेशात ५४,४३२ अपघात, १३,४२७ मृत्यू. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात, १५,२२४ मृत्यू. म्हणजे मध्य प्रदेशात शंभर अपघातांमागे साधारण २५ मरणं, महाराष्ट्रात ४६. याचा अर्थ महाराष्ट्राचे रस्ते जास्त घातक, असा लगेच काढू नका. किरकोळ अपघात कोण नोंदवतं आणि कोण नाही, यावरही हे प्रमाण हलतं. पण सीमेवरच्या माणसानं एवढं ओळखावं की दोन्ही राज्यं एकाच घाटाचा हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहितात. घाट मात्र एकच आहे आणि दोन्ही वह्या एकत्र उघडून बसलेलं कुणी दिसत नाही.

अपघात झाला की हेच अंगावर येतं. १०८ दोन्हीकडे आहे, पण सीमेवर फोन कुठल्या कंट्रोल रूमला लागेल याचा नेम नाही, आणि घाटात तर रेंजचाच नेम नाही. गाडी एका राज्याची, अपघात दुसऱ्या राज्यात, जखमी तिसऱ्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात. घरच्यांना कुठल्या ठाण्यात जायचं तेही कळत नाही.

एवढं तरी माहीत असू द्या

एक, दावा करायला अपघात झाला त्याच जिल्ह्यात खेटे घालावे लागतात, हा गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अर्जदार जिथं राहतो, तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. बऱ्हाणपूरचा माणूस मेळघाटात गेला, तर त्याची बायको इथं दावा करू शकते. २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. दुःखात ती निघून जाते, म्हणून शेजारच्यांनी लक्ष ठेवा.

दोन, मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. दवाखान्यात पैसे मागितले तर योजनेचं नाव घ्या.

तीन, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला आता २५ हजारांचं बक्षीसही आहे. घाटातल्या गावकऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोचायला हवी, कारण पहिल्यांदा धावत तेच येतात.

चार, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा शिष्टाचार तर आहेच, पण नियमही आहे.

आता कुणी काय करायचं?

होळीला थोडेच दिवस आहेत, बोगदे इतक्यात होणार नाहीत. पण बऱ्हाणपूर आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनानं एक बैठक घेऊन होळीच्या आठवड्यात धारणी मार्गावर जादा बस सोडणं, देडतलाई आणि सेमाडोहला दोन्ही बाजूंची तपासणी एकाच वेळी लावणं, घाटाच्या दोन्ही टोकांना एकेक रुग्णवाहिका उभी ठेवणं, एवढं तर होऊ शकतं. त्याला मंजुरीची फाइल लागत नाही, एक फोन लागतो.

पिकअप अडवून मजुरांना रस्त्यात उतरवून देणं ही तपासणी नव्हे. त्यांना बसायला दुसरी गाडी हवी. नाही तर ते अर्ध्या तासानं त्याच पिकअपमध्ये, पुढच्या वळणावर चढतील.

असीरगड बांधणाऱ्यांना कळलं होतं की ही खिंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्खनचा दरवाजा. त्यांनी खिंडीवर पहारा ठेवला. आज त्याच खिंडीखालून रोज हजारो माणसं जातात, आणि पहाऱ्याच्या जागी वाकलेला कठडा आहे. बुधवाऱ्याहून होळीला निघणारा माणूस धुळवडीनंतर कामावर परत येतो की नाही, हे त्याच्या नशिबावर सोडायचं नसेल, तर दोन्ही राज्यांनी आधी हा घाट आपला म्हणायला हवा.