ठरवायचं कुणी?

मंडळाचा यंदाचा हा अंक खान्देशाचा. भरिताच्या वांग्यांपासून रावेर-यावलच्या केळीपर्यंत, आणि खापरावरच्या मांड्यांपासून अहिराणीतल्या आठवणींपर्यंत इतका मजकूर आला की पानं वाढवावी लागली. कळण्याची भाकरी इथे परदेशातल्या गॅसवर जमते की नाही, यावर दोन सभासदांमध्ये जुंपलेला वाद आम्ही जसाच्या तसा छापला आहे. संपादकीयासाठी मात्र भरीत-भाकरी बाजूला ठेवून वाचकांना थोडा वेळ धुळ्याच्या तुरुंगात नेतो आहोत.

साल 1932. जानेवारीच्या सुरुवातीलाच गांधीजींना अटक झाली, कायदेभंग पुन्हा पेटला. त्याच महिन्यात विनोबांना जळगावात पकडून धुळ्याच्या जेलमध्ये आणलं गेलं. पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, साने गुरुजींनी ते भराभर उतरून घेतलं आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झालं. विनोबांची ‘गीताई’ही त्याच वर्षी धुळ्यातच छापली गेली. ज्याचा त्याचा स्वधर्म ज्याने त्याने ओळखावा, दुसऱ्याचा कितीही चांगला दिसला तरी उचलून आणू नये, ही शिकवण कुलूपबंद माणसांना दिली जात होती. गंमत आहे खरी. पण आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती तिथल्या पिठाची गोष्ट.

राजकीय कैद्यांच्या लेखी तुरुंगातलं काम म्हणजे सरकारचं काम. ते शक्यतो टाळायचं, टळलं नाही तर अंग चोरून करायचं. अधिकाऱ्यांनी सक्ती करायची, कैद्यांनी अडून बसायचं, मग शिक्षा, मग पुन्हा अडून बसणं. विनोबांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत यातून काढलेली वाट आहे. आयतं खायचं नाही, दळणासकट सगळी कामं आपण आपखुशीने करू, असं त्यांनी सोबत्यांना पटवलं. आणि सक्ती सोडा, स्वयंपाकघर आमच्या हाती द्या, असं अधिकाऱ्यांना. दोन्ही बाजूंनी ते मानलं. जातं तेच राहिलं, दळणही चुकलं नाही. पण काम कसं करायचं आणि त्या पिठाचं ताटात काय व्हायचं, हे दळणारेच ठरवू लागले. कुरकुर थांबली आणि जेवणही सुधारलं.

या गोष्टीतलं पीठ वगळून नुसतं अध्यात्म ठेवायची आपल्याला खोड आहे. मन मोकळं असलं की झालं, बाहेरच्या बंधनांचं काय एवढं, असं आपण सहज म्हणून जातो, आणि बहुधा ती बंधनं दुसऱ्या कुणाला तरी असतात. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाईंबद्दल बोलतानाही हेच होतं. लहानपणी लग्न, ऐन उमेदीत वैधव्य, शेत, जातं, चूल आणि ओठावर गाणी. मनाने किती स्वतंत्र होती बघा, असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. मन स्वतंत्र होतं यात शंकाच नाही. पण पाटी-पेन्सिल तिच्या हातात कुणी दिली नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने जेवढं टिपून ठेवलं तेवढंच उरलं. अत्र्यांच्या खटपटीने ते 1952 साली पुस्तकरूपात आलं, तेव्हा ती जाऊन वर्ष झालेलं नव्हतं किंवा नुकतंच झालं होतं. जे टिपलं गेलं नाही ते तिच्याबरोबर गेलं. धुळ्याच्या कैद्यांना नुसतं मनाचं स्वातंत्र्य मिळालं नव्हतं, त्यांना खरंखुरं स्वयंपाकघर मिळालं होतं. हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

सक्ती करणारा इंग्रज सरकारचा अधिकारी असेल तर निदान भांडायला समोर कुणीतरी आहे. सक्ती मायेने होते तेव्हा काय करायचं?

ज्या साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरून घेतली, ते त्याआधी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे होता. मुलांच्या खोल्या झाडणं, पसरलेले कपडे आवरणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे सगळं ते स्वतः करत. मुलं ओशाळली आणि हळूहळू आपापलं करू लागली, असं त्यांचे विद्यार्थी सांगत आले. गुरुजींबद्दल उणं लिहायला हात धजत नाही. तरीही लिहितो: गुरुजींच्या ठिकाणी ही रीत फळली, कारण ते पुढे गप्प राहत, मुलाला काय वाटायचं ते वाटू देत. आपण आपल्या मुलांचं सगळं करतो आणि गप्प मात्र राहत नाही. दप्तर भरून देतो, विज्ञान प्रकल्पाला रंग देतो, कॉलेजच्या अर्जातला निबंध ‘जरा नजरेखालून घालतो’, आणि मग जेवताना विचारतो की एवढं केलं तुझ्यासाठी, आता आमचं एक ऐकशील की नाही.

मुलांबद्दल लिहायचं तर एक प्रयोग सांगायलाच हवा, कारण तो आपल्यासारख्यांच्याच मुलांवर झाला. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी 1999 साली तो प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्कोतली सात ते नऊ वर्षांची मुलं, अक्षरं जुळवून शब्द करण्याचा खेळ. काहींनी कोणत्या विषयाचे शब्द ते स्वतः निवडलं, काहींसाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडलं, आणि काहींना सांगितलं गेलं की हा विषय तुमच्या आईने निवडलाय. गोऱ्या अमेरिकन घरांतली मुलं स्वतः निवडलं तेव्हा सर्वांत छान खेळली. आईला मध्ये घातलेलं त्यांना मुळीच रुचलं नाही. चिनी-जपानी वंशाच्या घरांतली मुलं मात्र आईने निवडलं म्हटल्यावर सगळ्यांत पुढे गेली. त्यातल्या एका मुलीने तर, मी सांगितल्याप्रमाणे केलं हे आईला कळवा, असंही प्रयोग घेणाऱ्यांना सांगितलं.

हे वाचून आपल्यातल्या कित्येकांना हायसं वाटेल. बघा, आमच्या मुलांना आम्हीच निवडून दिलेलं आवडतं! पण थांबा. परक्या बाईंनी निवडलेलं कोणालाच चाललं नाही, या मुलांनाही नाही. आईचं चाललं, कारण त्यांच्या लेखी आई परकी नव्हती. तिचं ठरवणं त्यांना आपलंच वाटत होतं. आईच्या निवडीला मुलाचा आतून होकार होता. माणसाच्या स्वायत्ततेवर अनेक दशकं काम केलेले रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हेच सांगत आले आहेत: स्वायत्त असणं म्हणजे घरच्यांपासून सुटं होणं नव्हे, करतोय त्या गोष्टीला आपली मनापासून संमती असणं. एकत्र कुटुंबातला माणूस स्वायत्त असू शकतो आणि एकट्याने राहणारा नसूही शकतो. प्रश्न एवढाच की आठव्या वर्षी मिळालेला होकार अठराव्या वर्षीही तसाच धरून चालतो का आपण? तो पुन्हा विचारावा लागतो, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवूनच विचारावा लागतो.

आज्ञाधारकपणाचे दाखले देताना आपल्याकडे अमळनेरचीच आणखी एक गोष्ट हटकून येते. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. 1966 मध्ये ते अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा, स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट. तो परतला आणि कारखान्यात बसला. पाहा, मुलगा असावा तर असा! गोष्ट इथेच थांबवणाऱ्यांनी पुढचं वाचलेलं नसतं. परत येणं परिस्थितीने लादलं असेल, पण तूप-साबणाच्या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरवायचं हे वडिलांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. आलेल्या कामात स्वतःचं ठरवायला जागा होती म्हणून ते काम त्यांचं झालं. नोकरीच्या ठिकाणी आपण हेच मागतो ना? काम ठरलेलं असू दे, पण कसं करायचं ते आमच्यावर सोडा. दर तासाला कुठवर आलं ते विचारू नका. इथले वरिष्ठ असं खोदून विचारू लागले की आपण नवी नोकरी शोधायला लागतो.

आता ज्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं, त्या मुद्द्याकडे येतो. तो मुलांचा नाही, आई-वडिलांचा आहे.

धुळ्या-जळगावात राहणाऱ्या आपल्या आई-वडिलांची काळजी आपण कशी घेतो ते एकदा पाहा. हॉलमध्ये कॅमेरा बसवलेला असतो आणि तो इथून फोनवर दिसतो. ‘बाबा, दुपारी तीनला तुम्ही खुर्चीत नव्हतात, कुठे गेला होतात?’ कामवाली कोण ठेवायची ते आपण ठरवतो. डॉक्टर बदलायचा ते ठरवतो. जळगावचं घर विकून पुण्यात लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा हेही भावंडांच्या व्हॉट्सअॅप गटात ठरतं, आणि त्या गटात आई-बाबा नसतात. मेहरूणच्या तलावाकडे रोज फिरायला जाणाऱ्या, मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करून चार पैसे कमी करवून घेणाऱ्या माणसांना आपण घरपोच भाजी लावून देतो. त्यांचा त्रास वाचला म्हणून आपण खूश. त्यांचा दिवस आपण रिकामा केला, हे ध्यानात येत नाही.

आणि ते इथे येतात तेव्हा? शहरभर ओळखीपाळखी असलेला माणूस पाकीटभर दुधासाठी मुलगा ऑफिसातून यायची वाट बघतो. गाडी येत नाही, बस दिसत नाही, बाहेर बर्फ. सुनेच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे ते ठाऊक नाही आणि विचारायचा संकोच. आईने हौसेने खिचडी टाकायची म्हटली तर आपणच म्हणतो, ‘राहू दे ना आई, तू आरामाला आली आहेस.’ सहा महिने आराम! जन्मभर घर चालवलेल्या बाईला ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याची?

एलन लँगर आणि येल विद्यापीठाच्या ज्युडिथ रोडिन यांनी 1976 साली कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग मांडला, तो इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना एकेक रोप दिलं. एका मजल्यावर सांगितलं की रोप तुमचं, हवं ते निवडा, काळजी तुम्ही घ्यायची. चित्रपट कोणत्या संध्याकाळी बघायचा तेही तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर तेवढ्याच प्रेमाने सांगितलं की रोपाला पाणी परिचारिका घालतील, चित्रपटाचा दिवस आम्ही कळवू. थोड्याच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हसरी, जास्त बोलकी, जास्त हिंडती-फिरती दिसू लागली. दुसऱ्या मजल्यावर कुणी दुष्ट नव्हतं. तिथे काळजीच घेतली जात होती, आपण घेतो तशीच.

यावर एक रास्त हरकत येईल. बाबा गॅस बंद करायला विसरतात. पडले तर आम्ही सात समुद्रांपलीकडे. खरं आहे. धोका असतोच, आणि विसराळूपणा आजाराच्या थराला गेला तर गोष्ट वेगळी. पण एरवी, तो धोका पत्करायचा की नाही हे ज्याच्या जिवाला आहे त्याला विचारलंय का? कॅमेरा लावायचाच असेल तर कुठे लावायचा आणि कधी बंद ठेवायचा हे त्यांनी सांगावं. पुण्याचा फ्लॅट घ्यायचाच असेल तर बघायला पहिले ते जातील. नको म्हणाले तर नको. आपल्याला रात्री झोप लागत नाही हे त्यांना सरळ सांगता येतं. आपल्या झोपेसाठी त्यांचं घर विकता येत नाही.

हे सगळं दुसऱ्यांना सांगून मंडळाने हात झटकणं बरं दिसणार नाही. आपल्याकडेही ‘तरुणांचा कार्यक्रम’ कार्यकारिणीच ठरवते आणि मग तरुण येत नाहीत म्हणून कार्यकारिणीच हळहळते. ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून भजनाची दुपार ठेवली जाते. ज्येष्ठांपैकी कुणी भजन मागितल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. एका आजोबांनी मागच्या खेपेला दबक्या आवाजात पत्ते आहेत का, असं विचारलं होतं.

तेव्हा कार्यकारिणीच्या गेल्या सभेत ठरलं ते असं. संक्रांतीचा कार्यक्रम या वर्षी मुलांकडे. विषय, भाषा, जेवण आणि मंजूर झालेले पैसे, सगळं त्यांच्या हाती. हिशोब मात्र चोख द्यायचा. मोठ्यांनी सूचना करायच्या नाहीत, खुर्च्या लावायला यावं. आणि वसंतातली ज्येष्ठांची सहल कुठे न्यायची, किती वाजता निघायचं, डब्यात काय घ्यायचं हे ज्येष्ठच बसून ठरवतील. त्यांची पहिली बैठक येत्या रविवारी मंडळाच्या सभागृहात आहे. आई-बाबांना तिथे सोडा आणि तुम्ही बाहेर थांबा. पत्ते आम्ही आणून ठेवले आहेत.