गिझर गळतो? आधी कारण शोधा

थंडी पडली की पनवेलच्या घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, गिझर गळतो आहे. मिस्त्री येतो, वर पाहतो आणि 'टाकी गेली, नवीन घ्या' म्हणून मोकळा होतो. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याला हा खर्च जड जातो. म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे काढण्यापूर्वी घरातल्यांनीच कारण शोधावे. त्याला फार विद्या लागत नाही. कोरडे फडके, वर्तमानपत्राचा कागद आणि थोडा धीर पुरे.

प्रथम गिझरची वीज मेन स्विचपासून बंद करा. पाणी आणि वीज एकत्र आली तर जिवाशी गाठ असते. मग गिझर, नळ्या, सांधे पुसून कोरडे करा. प्रत्येक सांध्याला कागदाची पट्टी गुंडाळा आणि तासभर थांबा. पाणी ओघळत खाली येते, म्हणून थेंब पडतो तेथेच दोष असेल असे नाही. सर्वांत वरची भिजलेली जागा शोधा.

नळीच्या सांध्याचा कागद भिजला, तर बहुधा वॉशर कडक झालेला असतो. तो काही रुपयांत बदलता येतो. वायरी जोडलेल्या झाकणातून पाणी झिरपत असेल, तर आतले रबर गेले आहे. अशा वेळी गिझर अजिबात चालू करू नका, जाणकार वायरमन बोलवा. पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी येत असेल, तर मात्र आतली टाकी गंजली असण्याची शक्यता मोठी. तरीही हमीचे कार्ड आधी पाहा. टाकीची हमी पुष्कळदा बाकी गिझरपेक्षा जास्त वर्षांची असते.

सगळे कोरडे राहिले, तर गिझर चालू करा. सेफ्टी व्हॉल्व्हखाली पातेले ठेवा आणि हात न लावता पाहा. पाणी तापताना थेंब पडले आणि नंतर थांबले, तर तो दोषच नव्हे! पाणी तापले की फुगते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेले की सुमारे पाव लिटर वाढते. आपल्या आईच्या वेळचा तांब्याचा बंब उघडा असे, त्यात फुगायला जागा होती. गिझर बंद असतो. वाढलेल्या पाण्याला व्हॉल्व्हची वाट लागते.

थेंब दिवसरात्र पडत असतील, तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो, तो झिजलेला असतो किंवा नळाचा दाब फार असतो. शहराला पाणी देणारे देहरंग धरण उन्हाळ्यात आटू लागले की टँकर आणि बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो. त्या पाण्यातून रेती येते, क्षारही येतात. व्हॉल्व्ह साफ करून घ्या, नाहीतर बदला.

पण कोणी थेंब थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारू म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. थर्मोस्टॅट बिघडला आणि वाट बंद असली, तर टाकी फुटते. न्हाणीघरात त्या वेळी कोणाचे तरी मूल आंघोळ करत असेल.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच गिझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की टाकीची पाळी येते. क्षाराच्या पाण्यात ती लवकर संपते. म्हणून दर वर्षी-दोन वर्षांनी ती पाहून घ्या, सोबत तळाचा क्षारही काढून घ्या. नवा गिझर घेताना आयएसआय खूण पाहा आणि घरातले अर्थिंग तपासून घ्या.

मिस्त्री आला की त्याला 'गळतो' एवढेच सांगू नका. कोठून गळतो आणि केव्हा गळतो, तेही सांगा. कारण माहीत असलेल्या गिऱ्हाईकाला फसवणे अवघड जाते.