आधी इको, मग एमव्ही

गेल्या महिन्यात आजोबांची पंच्याहत्तरी झाली. तीन फोनवरचे मिळून ६१२ फोटो, प्रत्येक फोनची नावं द्यायची तऱ्हा वेगळी. आत्या म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना, लाव की नीट." झालं, आम्ही हरभऱ्याच्या झाडावर!

चार ओळींची शेल स्क्रिप्ट. फॉर लूप, फोटोच्या आतली तारीख-वेळ वाचायची आणि सेकंदापर्यंत तेच नाव द्यायचं. एंटर. एकही एरर नाही. मग मोजले तर ५८७!

तर झालं असं, की एकाच सेकंदाला काढलेल्या दोन फोटोंना नाव एकच मिळालं. अशा वेळी एमव्ही न विचारता आधीची फाइल घालवते आणि नवी तिथे बसवते. ट्रॅश नाही, अनडू नाही. १९७१च्या पहिल्या युनिक्सपासूनची कमांड ही, सांगणाऱ्याला अक्कल आहे असं धरून चालते. आणि फोनमधले फोटो मी ट्रॅशसकट आधीच उडवले होते.

गंमत बघा, तिघांनी एकाच सेकंदाला बटण कधी दाबलं असेल? आजोबांनी आजीला पेढा भरवला तेव्हा. जो क्षण सगळ्यांना हवासा वाटला, नेमका तोच पुसला गेला. उरलेल्या एका फोटोत आजीच्या चेहऱ्यापुढे कुणाचं तरी कोपर आहे.

मित्र म्हणतो, एवढ्यासाठी शेल कशाला? मला नाही पटत. सहाशे नावं हाताने बदलणं हे माणसाचं काम नाही. चूक शेलची नाही, माझ्या घाईची. इंजिनियर आळशी असावा, उतावीळ नसावा.

आता लूपमध्ये एमव्हीच्या आधी इको लिहितो. फाइली जागच्या जागी राहतात, काय होणार ते नुसतं छापलं जातं. नव्या नावांची यादी सॉर्ट करून यूनिकला '-डी' लावून दिली की दुबार नावं समोर येतात. मग इको काढायचं, तरीही एमव्हीला '-एन' लावायचं, म्हणजे ती असलेल्या फाइलला हात लावत नाही. हे सगळं कॉपीवर. मूळ फोटो उडवायचे ते मोजणी जुळल्यावरच.

ऑफिसात साध्या लॉगफाइली हलवतानाही आपण दुसऱ्याकडून तपासून घेतो. घरच्या फोटोंना तेवढाही मान नाही?

असो. आत्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या तिच्याकडेच जेवायला जायचंय.