हे टेबल फॅमिलीसाठी आहे

मुंबई-गोवा रस्त्यावरच्या हॉटेलांचा विषय काढा, प्रत्येक कोकणी माणसाकडे निदान चार किस्से तयार असतात. कुणाच्या मिसळीतलं फरसाण मऊ, कुणाचा चहा गार, कुणाच्या बिलात न खाल्लेली सोलकढी. असल्या गोष्टींवर मी फारसा वैतागत नाही. महाड-पोलादपूर पट्ट्यात हॉटेल चालवणं ही काही गंमत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. रस्त्याचं चौपदरीकरण तर वर्षानुवर्षं चाललं. एवढं सोसून जो पुन्हा गल्ल्यावर बसला, त्याच्याशी कडक पोळीवरून भांडायला माझी जीभ उचलत नाही.

पण पोळी कडक असणं वेगळं आणि माणूस दिसूनही न दिसल्यासारखं करणं वेगळं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रायगड बघून आम्ही सहा जण पोलादपूरकडे निघालो होतो, आत्या आणि तिची नातवंडं धरून. वाटेत एका बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलात थांबलो. (नाव लिहिणार नाही, फोन करूनही विचारू नका!) गाडीतून उतरतोय तोवर वेटर हजर. टेबल पुसलं, मेनूकार्ड दिलं, न मागताच सीलबंद पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या. साधं पाणी मागितल्यावर त्याचा चेहरा जरासा पडला, पण आणलं बिचाऱ्याने.

शेजारच्या टेबलावर एक आजी-आजोबा आणि त्यांचा लहानगा नातू. आजोबांची टोपी, आजींचं नऊवारी, पायाशी एक बोचकं. ते आमच्या आधीपासून बसलेले. त्यांच्यासमोर ना पाणी, ना कार्ड. आजोबा वेटरकडे बघून हात वर करायचे आणि तो त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जायचा. आमचे डोसे आले तरी त्यांचं तसंच. तेवढ्यात बाहेर आणखी एक गाडी लागली आणि गल्ल्यावरून आवाज आला, "काका, तुम्ही मागे बसा, हे टेबल फॅमिलीसाठी आहे."

आजोबा काही बोलले नाहीत. बोचकं उचललं, नातवाचा हात धरला आणि मागे मोरीजवळच्या बाकड्यावर जाऊन बसले.

आमच्या आत्याला तुम्ही ओळखताच. ती सरळ गल्ल्यावर गेली. म्हणाली, "अहो, बायको आणि नातू बरोबर आहे. याला तुमच्याकडे काय म्हणतात मग?" मालक हसला. "तसं नाही हो ताई, तुमच्यासारखी मंडळी येतात ना, म्हणून." आत्याने त्या तिघांना आधी वाढायला लावलं तेव्हाच ती जागेवर आली.

मला टोचलं ते मालकाचं उत्तर. म्हणजे हे सगळं आमच्यासाठी चाललं होतं! आमचा काही संबंध नसताना आमच्या नावावर एका म्हाताऱ्या माणसाला उठवलं गेलं.

असं का होतं? एक कारण सरळ धंद्याचं आहे. हमरस्त्यावरचं गिऱ्हाईक परत येईलच असं नसतं. गावातल्या खानावळीत रोजचा माणूस दुखावला तर उद्या पान कमी लागतं. इथे तसा धाक नाही. एसटीच्या थांब्यावर तर प्रवासी अडकलेलाच असतो, गाडी थांबेल तिथेच खायचं. तक्रारी इतक्या झाल्या की २०२५ च्या सुरुवातीला परिवहनमंत्र्यांनी या थांब्यांचं नव्याने सर्वेक्षण करायला सांगितलं. सर्व्हिस चार्जबद्दलही जुलै २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, तो बिलात परस्पर लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. म्हणजे पैशांची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. पण वेटरने वळवलेल्या नजरेची तक्रार कुठे करायची?

त्या पोरालाही मी दोष देत नाही. कपडे बघून गिऱ्हाईक तोलायला तो आईच्या पोटातून शिकून आलेला नाही. मालक कुणाला बघून उठतो, टीप कुठून येते, हे तो रोज बघतो. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहणाऱ्याकडून आपण हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करतो आणि आपण त्याला हाक मारतो "ए, शुक शुक". त्यालाही कुणी माणसात धरलेलं नसतं.

आणि हे महाडजवळ व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला १९२४ साली. पण ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन स्वतः तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले आणि त्यानंतर त्या माणसांना मार खावा लागला. कोर्टाचा लढा पुढे दहा वर्षं चालला, उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. हॉटेलातल्या उद्धटपणाची आणि अस्पृश्यतेची मी बरोबरी करत नाहीये, तसं करणं त्या लढ्याचा अपमान होईल. एवढंच म्हणतोय की पाटीवर 'सर्वांचे स्वागत' लिहिणं सोपं असतं. ते खरं की खोटं हे पाण्याचा पेला कुणापुढे आधी येतो त्यावरून कळतं, आणि हे महाडला तरी शिकवायला लागू नये.

उपाय काही मोठा नाही. आपल्या आधी कुणी बसलं असेल तर वेटरला सांगायचं, "आधी त्यांना विचार." दोन शब्दांचं काम आहे. आपल्यासारख्या चार गाडीवाल्यांनी रोज असं सांगितलं तर मालकाच्या कानावर जाईलच, कारण तो आपल्यालाच खूश ठेवायला बसलाय!

महाडात एसटी स्टँडच्या आसपास मी एका साध्या खानावळीत जेवतो. तिथे हमाल, वकील, कॉलेजची पोरं एकाच बाकावर बसतात. भाजी कधी खारट होते, पंखा कधी फिरतो कधी नाही. पण जो आधी आला त्याला आधी वाढतात. माझ्या लेखी सर्व्हिस म्हणजे एवढंच. तुमच्या गावाकडे अशी जागा असेल तर जरूर कळवा, पुढच्या खेपेला तिथेच थांबू.