तो, ती, ते आणि उसाच्या फडातील भूत

अंबड तालुक्यातील एका शाळेतल्या सातवीच्या काही वह्या मध्यंतरी आमच्या पाहण्यात आल्या. 'अद्भुत कथा लिहा' असा स्वाध्याय होता. बहुतेक वह्यांत एक घनदाट अरण्य होते, अरण्यात संगमरवरी राजवाडा होता आणि राजवाड्यात एक दुष्ट जादूगार राहत होता. कोरडवाहू कपाशी, मोसंबीच्या बागा आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे असा हा मुलूख. तेथील मुलांना हे अरण्य आले कोठून? मार्गदर्शकातून, दुसरे कोठून! तरीही त्या गोष्टींखाली लाल शाईने 'छान' असा शेरा होता, कारण सर्वनामे आणि क्रियापदे जागच्या जागी होती. पाठ केलेल्या गोष्टीत ती चुकणार तरी कशी?

एका वहीत मात्र चुका होत्या. ह्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्याची गोष्ट फडावर घडते. कोपीबाहेर पाचटावर तो पडला आहे, बैल रवंथ करीत आहेत, आणि उसाच्या कडेला कोणीतरी उभे आहे. 'तो हालत नव्हता,' असे मुलगा लिहितो. चार ओळींनंतर, 'ते माझ्याकडं आलं.' आणि शेवटी, 'ती मला नावानं हाका मारू लागली.' तिन्ही शब्दांभोवती लाल वर्तुळे, आणि समासात शेरा : 'लिंग चुकले. सर्वनामाचा मेळ नाही.'

आम्ही ती गोष्ट दोनदा वाचली आणि आमचा संताप वाढत गेला. मुलाला आधी माणूस दिसला, म्हणून 'तो'. मग वाटले भूत, म्हणून 'ते'. हाक ऐकताच कळले की ही हडळ, म्हणून 'ती'. भीती पायरीपायरीने चढत गेली आणि प्रत्येक पायरीवर सर्वनाम बदलले. त्या सबंध वर्गात व्याकरणाचा खरा उपयोग ह्या एकाच मुलाने केला, आणि गुण त्याचेच कापले गेले.

आमच्या शाळांतून सर्वनाम शिकवतात ते असे : मूळ सर्वनामे नऊ, प्रकार सहा, लिंगानुसार बदलणारी तीन, म्हणजे तो, हा, जो. मुले हे घडाघडा म्हणून दाखवतात. पण झाड बोलू लागले तर ते 'म्हणाला', 'म्हणाली' की 'म्हणाले', हे विचारा. वर्ग गप्प होतो. वड म्हणाला, चिंच म्हणाली, झाड म्हणाले. त्याच चिंचेला पुढच्या वाक्यात झाड म्हटले की तिचे 'ते' होते. इंग्रजीत बोलणाऱ्या झाडाचे लिंग न सांगता क्रियापद चालून जाते. मराठीत तशी पळवाट नाही. जालन्याची कुंडलिका आत्मकथा सांगू लागली तर 'मी आटले' म्हणेल, ओढा 'मी आटलो' म्हणेल. 'मी' तोच, उघडे पाडते ते क्रियापद. हे शिकवायला अद्भुत कथेहून चांगली जागा कोणती? आणि नेमकी तीच तासिका आम्ही राजवाड्यावर उधळतो.

मेळ नको, असे आम्ही म्हणत नाही. 'राजाने प्रधानाला सांगितले की तो चोर आहे' ह्या वाक्यात चोर कोण, हे कळत नसेल तर ते वाक्य वाईटच, आणि शिक्षकाने ते अडवलेच पाहिजे. पण अडवताना त्याने आधी विचारावे : अरे, 'तो' म्हणजे कोण? फडावरच्या त्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याने उत्तर दिले असते. फार तर 'ते भूत', 'ती हडळ' असे दोन शब्द वाढवावे लागले असते.

ह्या बाबतीत आपल्या समाजातूनही एक आक्षेप कानांवर येतो. भुताखेतांच्या, बोलणाऱ्या झाडांच्या गोष्टी ख्रिस्ती मुलांनी कशाला लिहाव्यात? हे खोटे नव्हे काय? अशांनी शास्ते ह्या पुस्तकाचा नववा अध्याय काढून पाहावा. तेथे योथाम शखेमच्या लोकांना गोष्ट सांगतो, तीत झाडे राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल राज्य नाकारतात, काटेरी झुडूप मात्र तयार होते. मराठीत हा अध्याय आणताना प्रत्येक झाडाचे लिंग ठरवल्यावाचून भाषांतरकाराची लेखणी पुढे सरकतच नाही. म्हणजे सातवीचा स्वाध्याय पवित्र शास्त्रातच आहे!

ज्यांना एवढ्याने पटत नसेल त्यांच्यासाठी टॉल्किन. हा निष्ठावान कॅथलिक भाषापंडित. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान देताना त्याने असे मांडले की, माणूस निर्मात्याच्या प्रतिरूपाने घडला आहे, म्हणूनच तोही जग रचू पाहतो. आणि त्याने रचलेला शायर प्रांत आला कोठून? लहानपणी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल गावात तो राहिला, त्या गावाच्या आठवणींतून. त्याने आपला गाव घेतला, आणि आमच्या मुलाने आपला फड घेतला तर आम्ही त्याला राजवाड्याकडे हाकलतो. आपल्या घरचेच उदाहरण हवे तर फादर स्टीफन्स आहेत. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण देणाऱ्या त्याच हाताने कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. व्याकरण एका तासिकेला आणि कल्पना दुसऱ्या तासिकेला, अशी वाटणी त्यांनी केली नव्हती.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. वर्ग भरलेले असतात, वरून कागद मागवले जातात, आणि वर्तुळ काढायला क्षण पुरतो, गोष्ट वाचायला दहा मिनिटे लागतात. पण मराठीचे पोवाडे गाणारे आम्ही, संमेलनांतून मुलांच्या वाचनाची चिंता वाहणारे आम्ही, ह्या वह्या कधी उघडतो काय? येथे 'आपण' म्हणावे असे फार मनात होते. 'आपण' म्हटले की ऐकणाराही आत येतो, 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. पण त्या मुलाला आत घेण्यासारखे आमच्या हातून अद्याप काही घडलेले नाही, म्हणून तूर्त 'आम्ही'च.

त्या मुलाला भेटावे म्हणून आम्ही पुन्हा शाळेत गेलो, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. उचल घेतलेली असल्याने आईवडील त्याला घेऊन फडावर गेले होते. वही कपाटात होती. शेवटच्या पानावर गोष्ट अर्धीच राहिली होती. हडळ कोपीच्या दाराशी आली होती आणि बैल उठून उभे राहिले होते.